हवेशी घासाघीस

दहिवडीहून गोंदवल्यामार्गे येणारी एसटी म्हसवडच्या स्टँडवर थांबली की आधी तिची पुढची काच पाहावी आणि मग वळसा घालून मागची. पुढच्या काचेवर चिरडलेले किडे असतात, धूळ बेताचीच असते. मागच्या काचेवर मात्र बोटाने नाव लिहिता येईल एवढा धुरळ्याचा थर असतो. गाडी धावते पुढे, धूळ उडते चाकांखालून, आणि बसते येऊन पाठीवर. माणदेशातल्या उन्हाळ्यात हे रोज दिसतं, म्हणून कुणी त्याचा विचार करत नाही. पण शर्यतीच्या गाड्या बनवणारे लोक गेली शंभर वर्षं ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तो सबंध प्रश्न त्या मागच्या काचेवर मांडलेला आहे.

बसची पाठ सपाट आणि चौकोनी असते. बाजूने आणि टपावरून सरकत आलेली हवा त्या कडेला काटकोनात वळू शकत नाही. ती सुटते, तिचे भोवरे होतात आणि पाठीमागे कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. धूळ त्यात ओढली जाते. तोच कमी दाब बसलाही मागे ओढत असतो. डिझेल जळतं ते समोरच्या हवेला ढकलण्यात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाठीमागच्या या ओढीपायी जळणारं डिझेलही थोडंथोडकं नसतं. म्हणून हवेतून जाणाऱ्या वस्तूचं नाक किती टोकदार आहे यापेक्षा तिचं शेपूट कसं संपतं, हे अनेकदा जास्त महत्त्वाचं ठरतं. स्टुटगार्टचे प्राध्यापक वूनिबाल्ड काम यांनी १९३०च्या दशकात हेच धरून काम केलं. गाडीला लांबलचक निमुळती शेपटी देण्याऐवजी ती योग्य ठिकाणी सरळ कापून टाकली तरी बराचसा फायदा हाती राहतो, हे त्यांनी दाखवलं. तशी कापलेली शेपटी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

काचेवरच्या किड्यांचीही एक गोष्ट आहे. पोर्शे कंपनीची ९१७ ही गाडी १९६९ साली आली तेव्हा तिच्या वेगाचा दरारा होता, आणि तिच्यात बसायला कसलेले चालकसुद्धा कचरत होते. सरळ रस्त्यावर ती ताशी तीनशेच्या पुढे सहज जाई, पण तिथे तिचा मागचा भाग हलका होऊन डगमगू लागे. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या ट्रॅकवर चाचण्या चालू होत्या. जॉन हॉर्समन नावाच्या इंजिनिअरने गाडीवर चिकटलेल्या मेलेल्या चिलटांकडे निरखून पाहिलं. नाकावर आणि काचेवर चिलटंच चिलटं होती. शेपटीवरच्या पट्ट्यांवर जवळपास नव्हतीच. म्हणजे मागचा भाग जमिनीवर दाबून धरण्यासाठी ज्या पट्ट्या बसवल्या होत्या, तिथवर हवा पोचतच नव्हती. ती वरच्या वर निघून जात होती. मग ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट उंच आणि आखूड करण्यात आलं आणि गाडी वठणीवर आली. पुढच्याच वर्षी, १९७० साली, पोर्शेने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा जिंकली, ती याच ९१७ने. महागडी यंत्रं जवळ असताना चिलटांकडे पाहण्याची बुद्धी होणं, याला मी खरी इंजिनिअरिंगची नजर म्हणेन.

आता थोडं गणित. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी शक्ती आठपट. आपली साधी हॅचबॅक घ्या. ताशी ६० किलोमीटरला हवेशी झगडण्यात तिची अडीच अश्वशक्ती जाते. १२०ला तीच वीस होते. फॉर्म्युला वनच्या गाडीचा विरोधांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते त्याचा आकडा, ०.९ आणि समोरचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं, तर ताशी ३०० किलोमीटरला सहाशेच्या वर अश्वशक्ती केवळ हवेत जाते. सगळ्या यंत्रणेची ताकद हजाराच्या आसपास. त्या वेगात चालकाने ब्रेकला न शिवता नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तरी आपण गाडीला करकचून ब्रेक लावल्यावर बसतो जवळपास तेवढा हिसका त्याला एकट्या हवेमुळे बसतो.

सातारा-सांगलीच्या माळांवरची आपली शर्यत बैलगाड्यांची. मे २०१४मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबली, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. शर्यतीच्या छकडीत एक किलो वजन जास्त होऊ नये म्हणून सुतार जिवाचं रान करतो. हवेचा विचार त्याला करावा लागत नाही, कारण त्या वेगाला वजनच खरा शत्रू असतं. माणसाच्या धावण्यात मात्र हवा आपला वाटा मागायला लागते, आणि म्हसवडला हे सांगायला नको. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली, राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. हा वेग ताशी १९ किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी पुढे वाऱ्याच्या खोलीत ट्रेडमिलवर धावपटू पळवून मोजमाप केलं आणि १९७१ साली प्रसिद्ध केलं. ललिताच्या या वेगाहून जराशा जास्त वेगाला धावपटूच्या एकूण ऊर्जाखर्चापैकी साधारण साडेसात टक्के हवेपायी जातो, आणि दुसऱ्याच्या पाठीमागे मीटरभर अंतर ठेवून धावलं तर त्यातला बहुतेक वाचतो. एलियुड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा त्याच्या पुढेमागे धावणाऱ्या साथीदारांची रचना हवेच्या गणितावरूनच बसवलेली होती. म्हसवडमध्ये माणदेशी चॅम्पियन्सच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींना पुढच्याच्या खांद्यामागे राहायला शिकवतात, त्यामागचं कारण हेच.

इथवर ऐकून वाटेल की शर्यतीची गाडी म्हणजे हवेत सर्वांत कमी अडणारी गाडी. तसं नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीचा विरोधांक आपल्या दारातल्या सेदानच्या दुपटी-तिपटीने असतो. उघडी चाकं, पुढे-मागे पंख, जागोजागी पट्ट्या. मुद्दाम विरोध विकत घेतलेला असतो तो, आणि बदल्यात मिळतो जमिनीकडचा दाब.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या किंवा पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर, नाहीतर कवठेमहांकाळकडे ढालगावला पवनचक्क्या पाहिल्या असतील. त्यांचं पातं वाऱ्याने ढकललं जात नाही. वारा पात्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वेगाने जातो, एका बाजूला दाब कमी होतो आणि पातं त्या बाजूला ओढलं जातं. विमानाचा पंख त्याच तत्त्वावर वर जातो. तोच आकार उलटा करून गाडीवर बसवला की गाडी जमिनीकडे ओढली जाते. टायर जमिनीवर जास्त दाबले गेले की वळणावर जास्त पकड मिळते, आणि शर्यत वळणावर जिंकली जाते. ताशी दोनशेच्या आतच आजच्या फॉर्म्युला वन गाडीवर तिच्या वजनाएवढा हवेचा दाब येतो. फरक इतकाच की चांगल्या पवनचक्कीचं पातं ज्या काटकसरीने हे काम करतं, ती गाडीच्या नशिबात नाही. पात्याला एक भाग विरोधामागे शंभर भाग ओढ मिळू शकते. सबंध गाडीला तीन-चार भाग मिळाले तरी खूप. म्हणून शर्यतीच्या गाडीचा डिझायनर आयुष्यभर घासाघीस करत असतो: इतका दाब दे, त्याच्या बदल्यात किती विरोध घेशील?

ही घासाघीस पहिल्यांदा धीटपणे केली ती टेक्ससच्या जिम हॉल यांनी. त्यांच्या १९६६च्या चॅपरल २ई या गाडीवर दोन उंच खांबांवर एक मोठा पंख होता. त्या गाडीला क्लच पेडल नव्हतं, म्हणून चालकाचा डावा पाय मोकळा असे. सरळ रस्त्यावर त्या पायाने पेडल दाबलं की पंख आडवा होऊन विरोध घटे. वळण आलं की पाय सोडायचा, पंख पुन्हा दाब द्यायला उभा. हवं तेव्हा दाब, नको तेव्हा सुटका. दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यांच्या गाड्यांवर उंच पंख आले, पण काड्यांसारख्या खांबांवर. १९६९ला बार्सिलोनाच्या मोंजुइक ट्रॅकवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून भीषण अपघात झाले, आणि हलणाऱ्या पंखांवर बंदी आली. मग १९७७-७८ला कॉलिन चॅपमन आणि पीटर राइट यांच्या लोटसने पंख सोडून गाडीच्या पोटाकडे लक्ष वळवलं. पोटाला उलट्या पंखाचा आकार, दोन्ही कडांना जमिनीला टेकणाऱ्या झालरी, आणि खालून वेगाने जाणारी हवा अख्खी गाडी जमिनीकडे ओढून घेई. वरच्या पंखांपेक्षा या मार्गाने दाब फार स्वस्तात मिळतो. १९७८चं जगज्जेतेपद मारिओ आंद्रेत्तीने या गाड्यांवर मिळवलं. १९८३ला सपाट पोटाचा नियम आला आणि ते दार बंद झालं, ते २०२२पर्यंत पुरतं उघडलं नाही.

हे सगळं दिसतं कसं, मोजतात कसं? हवा तर दिसत नाही. इथे माझ्या या लेखाचं खरं कारण येतं, आणि ते पुण्याचं आहे.

सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१चा, पुण्याचा. १९६२ला ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे सीओईपीतून, इंजिनिअर झाले. पुढे आयआयटी मुंबई, आणि मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे डॉक्टरेट, १९६७ साली. त्या काळी संगणक खोलीभर असत आणि आजच्या साध्या मोबाइलपुढे त्यांची काहीच ताकद नव्हती. प्रवाहाची समीकरणं मात्र एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती: फ्रान्सचे नाव्हिए आणि केंब्रिजचे स्टोक्स यांची. माहीत असून उपयोग नव्हता, कारण खऱ्या आकाराभोवती ती कागदावर सुटत नाहीत.

अडचण कुठे होती ती नीट समजून घेण्यासारखी आहे. गाडीभोवतालच्या हवेचे लहान लहान चौकोनी कप्पे पाडले असं समजा; आज ते कोट्यवधी असतात. प्रत्येक कप्प्यात हवेचा वेग किती आणि दाब किती, हे शोधायचं. वेग ठरतो दाबाच्या फरकाने. त्याचं समीकरण आहे. पण दाबाचं स्वतःचं असं समीकरण नाही. फक्त एक अट आहे: कप्प्यात जेवढी हवा शिरली तेवढी बाहेर पडली पाहिजे. म्हणजे दाब कळल्याशिवाय वेग कळत नाही, आणि दाब बरोबर आहे की नाही हे वेग कळल्याशिवाय तपासता येत नाही. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ला प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर जी वाट काढली, ती अशी. दाबाचा एक अंदाज धरा. त्यावरून वेग काढा. आता प्रत्येक कप्प्याचा हिशेब तपासा. आलेली हवा गेलेल्या हवेपेक्षा जास्त असेल तर तिथला दाब थोडा वाढवा, कमी असेल तर घटवा. त्या दुरुस्तीवरून वेग सुधारा. पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत हिशेब जुळला की प्रवाह सापडला. या पद्धतीच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सिंपल' म्हणतात. १९८०ला पाटणकरांनी यावर लिहिलेलं पुस्तक दोनशे पानांच्या आतलं आहे, आणि प्रवाहाचं संगणकी गणित शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. ते स्वतः अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक होते.

शर्यतीच्या गाडीशी त्यांचा थेट संबंध नव्हता. त्यांचा विषय उष्णता आणि प्रवाह. पण प्रवाहाच्या गणिताची जी सॉफ्टवेअरं आज मोटारींच्या डिझाइनमध्ये वापरली जातात, त्यांत ही पद्धत किंवा तिच्यातून निघालेल्या पद्धती आहेत. गाडीच्या पुढच्या पंखाची पट्टी जराशी वाकवली तर मागच्या चाकापाशी काय होईल, हे तपासताना संगणक आतल्या आत दाब धरतो, वेग काढतो, हिशेब तपासतो, दुरुस्त करतो. पुण्यात सुहास पाटणकर हे नाव रस्त्यावर दहा माणसांना विचारलं तर किती जणांना माहीत असेल? आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. रामन आणि भाभा जसे आहेत तसा.

संगणकाने सगळं होतं असंही नाही, आणि ते एका संघाने फार महागात शिकून घेतलं. २०१०ला व्हर्जिन रेसिंग फॉर्म्युला वनमध्ये उतरलं, ते निक वर्थ यांनी वातबोगद्यात पाऊल न ठेवता निव्वळ संगणकावर बेतलेली गाडी घेऊन. त्या वर्षी त्यांना एकही गुण मिळाला नाही, दुसऱ्या वर्षीही नाही, आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. टायर जमिनीला टेकतो तिथली खळबळ, तापलेल्या हवेचे भोवरे, पुढच्या गाडीच्या मागची गढूळ हवा, हे सगळं गणितात येतं पण अजून पुरतं खरं येत नाही. म्हणून वातबोगदा लागतोच. नियमांप्रमाणे तिथे गाडीची ६० टक्के आकारापर्यंतचीच प्रतिकृती आणि सेकंदाला ५० मीटरपर्यंतचाच वारा चालतो. यातला एक नियम मला फार आवडतो: आदल्या वर्षीच्या विजेत्याला बोगद्यात आणि संगणकावर सर्वांत कमी वेळ, ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्के; दहाव्या क्रमांकाच्या संघाला ११५ टक्के. मागे पडलेल्याला प्रयोगाची संधी जास्त. शिक्षणाच्या धोरणातही हे कुणी आणावं.

वातबोगद्यांमध्ये आता एक धागा महाराष्ट्राचाही आहे. इटलीतल्या तुरीनजवळ ग्रुलियास्को इथे पिनिनफरीना या डिझाइन घराण्याने १९७२ला पूर्ण आकाराच्या गाडीसाठी वातबोगदा बांधला. २०१५च्या डिसेंबरात महिंद्रा समूहाने पिनिनफरीना घेण्याचा करार केला, पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राच्या बरोबरीने. आणि मुंबईच्याच टाटा समूहाकडे २००८पासून जॅग्वार आहे, जिच्या डी-टाइप गाडीचा आकार विमान कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने काढला होता आणि जिने १९५५ ते ५७ अशी सलग तीन वर्षं ल मां जिंकली. चालकाच्या डोक्यामागे उभारलेलं तिचं ते उभं शेपूट ल मांच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी सरळ राहावी म्हणून होतं.

हे दोन्ही मुंबईकर मालक आज ज्या मैदानात समोरासमोर आहेत ती विजेवरची फॉर्म्युला ई. महिंद्रा रेसिंग २०१४च्या पहिल्या मोसमापासून तिथे आहे. २०१७ला बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. जॅग्वारच्या संघाच्या नावात टीसीएस आहे आणि २०२३-२४च्या मोसमात त्यांनी संघांचं विजेतेपद पटकावलं. ११ फेब्रुवारी २०२३ला हैदराबादच्या हुसेनसागराकाठी ही शर्यत झाली. तिथे गाड्यांचं अंग सगळ्या संघांना सारखंच मिळतं. डोकं लावायचं ते मोटर आणि सॉफ्टवेअरमध्ये. पण हवेचं राज्य तिथे जास्तच कडक आहे, कारण बॅटरीत मावते त्यापेक्षा जास्त वीज शर्यतीला लागते. पुढे धावणाऱ्याला हवेची पूर्ण किंमत मोजावी लागते, मागच्याला सवलत. त्यामुळे बर्लिनसारख्या मोकळ्या ट्रॅकवर अशी शर्यत दिसते की कुणालाच पुढे राहायचं नाही. आघाडीवरचा मुद्दाम वेग सोडतो, दुसरा कुणी पुढे जाईल अशी वाट पाहतो, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत साठवलेली वीज घेऊन सगळे तुटून पडतात. काही जुन्या प्रेक्षकांना ही शर्यत खोटी वाटते. मला ती फार प्रामाणिक वाटते. दोन-तीन हजार मीटरच्या धावण्यात हे डावपेच पूर्वीपासून आहेत आणि तिथे त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. खोटी वाटायची ती २०११पासून फॉर्म्युला वनमध्ये आलेली डीआरएस. ठराविक जागी, पुढच्यापासून एका सेकंदाच्या आत असलेल्या मागच्यालाच पंख उघडायची मुभा, आणि पुढच्याने नुसतं बघत राहायचं.

२०२६च्या नियमांत ती डीआरएस गेली. आता पुढचे-मागचे दोन्ही पंख सगळ्यांचेच हलतात: सरळ रस्त्यावर आडवे, वळणावर उभे. नियम २०२४ला मांडले तेव्हा जागतिक संघटनेने विरोध ५५ टक्के आणि दाब ३० टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. कारण उघड आहे. यंत्राच्या ताकदीचा जवळपास निम्मा वाटा आता विजेचा आहे, आणि वीज मोजून मिळते. जिम हॉल यांच्या डाव्या पायाने जे १९६६ला केलं, तेच साठ वर्षांनी नियम म्हणून आलं.

आपल्या भागातल्या पोरांसाठी यात काय आहे, हा प्रश्न मला सतत पडतो. माण-खटाव-आटपाडीची मुलं इंजिनिअरिंगला कराडला जातात, सांगलीच्या वालचंदला जातात, इस्लामपूरला जातात. शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या कॉलेजांच्या संघांत मुंबईची आयआयटी आणि सोमय्या यांची नावं परदेशातल्या मैदानांपर्यंत गेली आहेत. विद्यार्थ्यांच्या या गाड्यांचा वेग कमी, वळणं जास्त. त्यामुळे तिथे मोठाले पंख लावले तरी विरोधाचा भुर्दंड फारसा पडत नाही आणि पकड मिळते. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाच्या पोरांनी हे लवकर ओळखलं आणि मग इतरांनीही. वातबोगदा कुठल्या कॉलेजाला परवडणार? पण ओपनफोम हे सॉफ्टवेअर २००४पासून फुकट आणि खुलं आहे. ते जन्मलं इंपीरियल कॉलेजातच, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते शिकण्याचे धडेही खुले ठेवले आहेत. त्यातल्या ज्या प्रोग्रॅमने स्थिर प्रवाह सोडवतात त्याचं नाव सिंपलफोम. सोबत सरावासाठी एक तयार उदाहरण येतं, मोटारसायकल आणि तिच्यावर वाकून बसलेला स्वार. एखाद्या बऱ्या लॅपटॉपवर ते चालवलं की पडद्यावर आकडे खाली खाली उतरत जातात: दर फेरीला कप्प्यांच्या हिशेबात उरलेली चूक किती, ते. उतरायचे थांबले की स्वाराच्या पाठीमागचा कमी दाबाचा पट्टा रंगात पाहता येतो, विरोध किती तेही कळतं. मग स्वाराला थोडं अधिक वाकवायचं आणि पुन्हा चालवायचं. त्यानंतर मोटारसायकल काढून एसटीचा आकार घालायचा, आणि मागच्या कडांना हातभर लांबीच्या तिरक्या पट्ट्या लावून काय होतं ते बघायचं. हा प्रयोग म्हसवडमध्ये बसून करता येतो.